सी भाषेत की-बोर्ड इंटरप्ट हँडलर लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉसच्या रिअल मोडमध्ये चालणाऱ्या जुन्या पीसीवर की-बोर्डचा इंटरप्ट स्वतःच्या ताब्यात घ्यायला निघालेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. इंटरप्ट म्हणजे 'हातातलं काम थांबव आणि इकडे बघ' अशी हार्डवेअरने किंवा एखाद्या प्रोग्रामने प्रोसेसरला दिलेली हाक, आणि हँडलर म्हणजे त्या वेळी चालणारं फंक्शन. रिअल मोड म्हणजे प्रोसेसरचा जुना १६ बिटचा मोड, ज्यात प्रोग्राम मेमरीला थेट हात लावू शकतो. आपल्याकडे कॉलेजच्या प्रॅक्टिकलला अजूनही बऱ्याच ठिकाणी टर्बो सी असतं, त्यामुळे उत्तरं तेच धरून दिली आहेत. इतर कंपायलरसाठी प्रश्न १५ पाहा. आकड्याच्या शेवटी 'एच' असेल तर तो आकडा हेक्साडेसिमल समजा.

१. की दाबल्यापासून अक्षर माझ्या प्रोग्रामला मिळेपर्यंत मध्ये काय काय घडतं?

की-बोर्ड अक्षर पाठवत नाही, कीचा क्रमांक पाठवतो. त्याला स्कॅन कोड म्हणतात. 'ए'ची की दाबली की १ईएच येतो आणि सोडली की ९ईएच. सुटल्याचा कोड म्हणजे दाबल्याचाच कोड, फक्त सगळ्यात वरचा बिट १ केलेला. हा बाइट ६०एच या पोर्टवर, म्हणजे हार्डवेअरशी बोलायच्या क्रमांकित दारावर, येऊन थांबतो आणि आयआरक्यू १ ही इंटरप्ट मागणारी लाइन उठते. ८२५९ हा इंटरप्ट कंट्रोलर प्रोसेसरला इंटरप्ट ९ सांगतो. प्रोसेसर हातातलं काम थांबवतो आणि मेमरीच्या अगदी सुरुवातीच्या व्हेक्टर टेबलमधून नवव्या हँडलरचा पत्ता उचलतो. प्रत्येक पत्ता ४ बाइटचा असल्यामुळे नववा पत्ता ००००:००२४एच इथे असतो (कोलनच्या आधी सेगमेंट, म्हणजे मेमरीचा तुकडा, आणि नंतर त्यातलं अंतर).

एरवी त्या पत्त्यावर बायॉसचा, म्हणजे मशीनच्या चिपमध्येच असलेल्या मूळ प्रोग्रामचा, हँडलर असतो. तो शिफ्ट, कंट्रोल, कॅप्सलॉक यांची अवस्था बघून स्कॅन कोडवरून अक्षर ठरवतो आणि दोन्ही मिळून २ बाइटची नोंद ००४०:००१ईएच पासूनच्या ३२ बाइटच्या बफरमध्ये ठेवतो. गेटसीएच किंवा स्कॅनएफ शेवटी याच बफरमधून वाचतात. बफर गोल फिरणारा असल्याने एक जागा रिकामी ठेवावी लागते, म्हणून त्यात १५च नोंदी मावतात. सोळावी की दाबली की मशीन बीप करतं, ते यामुळेच.

२. केबीहिट आणि गेटसीएच असताना स्वतःचा हँडलर कशाला लिहायचा?

बहुतेक प्रोग्रामना गरज नसते, आणि नसेल तर लिहू नका. मेनू, फॉर्म, हिशेबाचा प्रोग्राम यांना गेटसीएच पुरतं.

बायॉसच्या बफरमध्ये एक गोष्ट कधीच पोचत नाही: साधी की सुटल्याची बातमी. खेळात डावा बाण आणि स्पेसबार एकाच वेळी धरलेले आहेत का, हे बफर वाचून कळत नाही, कारण तिथे शेवटच्या कीचीच पुनरावृत्ती येत राहते. पियानोसारखा प्रोग्राम असेल तर सूर कधी थांबवायचा हेही कळत नाही. कोणकोणत्या की या क्षणी दाबलेल्या आहेत हे हवं असेल, तरच इंटरप्ट ९ हातात घ्या. शिफ्ट, कंट्रोल, आल्ट एवढंच बघायचं असेल तर ००४०:००१७एच हा बाइट वाचा, काम होतं.

३. सगळ्यात लहान, पण बरोबर हँडलर कसा असतो?

त्याच्या पोटात चारच कामं असतात. इनपोर्टबी वापरून ६०एच पोर्टवरून एक बाइट वाचायचा. वरचा बिट ० असेल तर १२८ घरांच्या ग्लोबल ॲरेमध्ये त्या क्रमांकाच्या घरात १ लिहायचा, वरचा बिट १ असेल तर तो काढून उरलेल्या क्रमांकाच्या घरात ० लिहायचा. मग आउटपोर्टबीने २०एच पोर्टवर २०एच लिहून इंटरप्ट संपल्याचं कंट्रोलरला कळवायचं. आणि परत फिरायचं.

फंक्शनच्या नावाआधी 'इंटरप्ट' हा कीवर्ड हवाच. तो असला की कंपायलर सुरुवातीला रजिस्टर जपून ठेवतो, डेटा सेगमेंट तुमच्या प्रोग्रामचा करतो आणि शेवटी साध्या रिटर्नऐवजी आयरेट, म्हणजे इंटरप्टमधून परतण्याची, सूचना घालतो. मुख्य प्रोग्राममध्ये आधी गेटव्हेक्ट(९) करून जुना पत्ता जपा, मग सेटव्हेक्टने तुमचा बसवा, आणि बाहेर पडताना जुना परत बसवा.

'कन्व्हर्ट करता येत नाही' अशी एरर गेटव्हेक्टच्या ओळीवर येत असेल, तर फाइलचं एक्स्टेन्शन बघा. टर्बो सी++ मध्ये फाइल सीपीपी म्हणून सेव्ह केली की ती सी++ म्हणून कंपाइल होते, आणि तिथे इंटरप्ट फंक्शनच्या कंसात तीन टिंबं लिहावी लागतात. फाइल नुसत्या सी एक्स्टेन्शनने सेव्ह केली तर हा घोळ होत नाही.

४. जुना हँडलर बोलवायचा की पूर्ण ताबा घ्यायचा?

दोन्ही रस्ते वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

जुना हँडलर बोलवलात, ज्याला चेन करणं म्हणतात, तर बायॉसचं सगळं काम चालू राहतं: बफर भरतो, कॅप्सलॉक लागतो, कंट्रोल-आल्ट-डिलीट चालतं. तुम्ही फक्त मध्ये डोकावून बघता. टर्बो सीमध्ये जपलेला पॉइंटर इंटरप्ट प्रकारचा असला की तो साध्या फंक्शनसारखा बोलवता येतो. त्याआधी फ्लॅग स्टॅकवर ढकलण्याचं काम कंपायलर करतो. या रस्त्यावर इंटरप्ट संपल्याची सूचना बायॉस देतो, तुम्ही द्यायची नाही. फक्त बफर रिकामा करत राहा, नाहीतर पंधरा कीनंतर बीप सुरू होईल.

पूर्ण ताबा घेतलात तर सूचना तुम्हीच द्यायची. विसरलात तर पहिली की दाबताच की-बोर्ड गप्प होतो. गंमत अशी की घड्याळ तेवढं चालूच राहतं, कारण टायमर आयआरक्यू ० वर आहे आणि त्याचा मान आयआरक्यू १ च्या वर. खालचे सगळे, म्हणजे सिरियल माउस, फ्लॉपी, हार्ड डिस्क, अडकून पडतात. 'स्क्रीनवरचं घड्याळ पळतंय पण बाकी सगळं मेलंय' असं दिसलं की आधी हीच ओळ शोधा.

उलट चूक जास्त छुपी. चेनही केलं आणि सूचनाही दिली, तर ती दुसरी सूचना भलत्याच इंटरप्टच्या खात्यावर पडू शकते. समजा माउसचा हँडलर चालू असताना मध्येच की दाबली गेली होती; मग तुमच्या जास्तीच्या सूचनेने माउसचं काम संपल्याचं कंट्रोलर समजतो. हा दोष दहा वेळा चालवून दिसत नाही, अकराव्या वेळी दिसतो.

५. हँडलरमध्ये प्रिंटएफ टाकला की मशीन का अडकतं?

डॉस एका वेळी एकच काम करू शकतं. की दाबली तेव्हा तुमचा मुख्य प्रोग्राम फाइल लिहीत असेल, म्हणजे डॉसच्या आत असेल, आणि त्याच क्षणी हँडलरने प्रिंटएफमधून पुन्हा डॉसला हाक मारली, तर डॉसचा आतला स्टॅक दुसऱ्यांदा पहिल्यापासून वापरला जातो आणि आधीचं सगळं पुसलं जातं. कधी चालतं, कधी मशीन अडकतं, ते की कुठल्या क्षणी दाबली यावर ठरतं.

म्हणून हँडलरमध्ये प्रिंटएफ, मॅलॉक, फाइलचं काम, अपूर्णांकी गणित यांतलं काहीही नको. काय आलं ते टिपून ठेवा, बाकीचं मुख्य लूपमध्ये करा. डीबग करायला स्क्रीनवर काही दाखवायचंच असेल तर बी८००:०००० या पत्त्यावर, म्हणजे रंगीत टेक्स्ट स्क्रीनच्या मेमरीत, थेट एक अक्षर लिहा. त्यात डॉसचा संबंध येत नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात शेवटचा स्कॅन कोड दोन हेक्स आकड्यांत दिसत राहिला की अर्धं डीबगिंग झालंच म्हणा.

६. हँडलर चालतोय, तरी मुख्य लूपला बदल दिसत नाही. असं का?

व्हेरिएबल 'व्होलाटाइल' म्हणून जाहीर केलेलं नसणार. लूपच्या आत त्याची किंमत कोणी बदलत नाही असं कंपायलरला दिसतं, मग ऑप्टिमायझर ती एकदाच रजिस्टरमध्ये घेऊन बसू शकतो. हँडलर मेमरीत लिहितो, लूप रजिस्टर बघत राहतो.

जोडीला आणखी दोन गोष्टी तपासा. कंपायलरचा स्टॅक ओव्हरफ्लो तपासण्याचा पर्याय बंद ठेवा, कारण इंटरप्ट येतो तेव्हा चालू असलेला स्टॅक डॉसचा किंवा बायॉसचा असू शकतो, आणि ती तपासणी तुमच्या स्टॅकच्या हिशेबाने चालते. त्याच कारणाने, स्मॉल मॉडेलमध्ये (कोडला एक आणि डेटाला एक सेगमेंट अशा रचनेत) हँडलरच्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला देऊ नका. कंपायलर तिथे स्टॅक आणि डेटा एकाच सेगमेंटमध्ये आहेत असं गृहीत धरतो; इंटरप्टच्या वेळी ते खरं असेलच असं नाही. सगळं ग्लोबल ठेवा.

७. एकदाच दाबलेली की अनेकदा का मोजली जाते?

की धरून ठेवली की की-बोर्ड स्वतःच दाबल्याचा कोड पुन्हा पुन्हा पाठवतो. एटी, म्हणजे १९८४ च्या पीसी मॉडेलच्या, की-बोर्डवर सुरुवातीला अर्ध्या सेकंदाने पहिली पुनरावृत्ती येते, नंतर सेकंदाला साधारण ११. त्या घरात आधीच १ असेल तर ही पुनरावृत्ती समजायची आणि सोडून द्यायची. प्रश्न ३ मधला ॲरे त्यासाठीही कामाला येतो.

८. बाणाच्या की आणि नंबरपॅडच्या की यांना एकच कोड का येतो?

१९८१ च्या मूळ पीसीच्या की-बोर्डला ८३ की होत्या आणि बाण नंबरपॅडवरच होते. पुढे १०१ कीचा की-बोर्ड आला, तेव्हा जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून वेगळ्या बाणांना तेच कोड ठेवले, फक्त पुढे ई०एच हा बाइट लावला. नंबरपॅडचा ४ म्हणजे ४बीएच, वेगळा डावा बाण म्हणजे ई०एच आणि मग ४बीएच. उजवा कंट्रोल, उजवा आल्ट, नंबरपॅडचा एंटर यांचंही असंच.

हे दोन बाइट दोन वेगवेगळ्या इंटरप्टमध्ये येतात. म्हणून ई०एच आला की एक खूण ठेवून परत फिरा आणि पुढच्या इंटरप्टला ती खूण बघा. या कींसाठी दुसरा १२८ घरांचा ॲरे ठेवणं सगळ्यात सोपं.

त्यात एक खाच आहे. नमलॉक चालू असताना डावा बाण दाबला तर की-बोर्ड आधी ई०एच, २एएच असा खोटा शिफ्ट पाठवतो, मग खरा कोड, आणि की सोडल्यावर ई०एच, एएएच. ई०एच नंतर येणारे २एएच, एएएच, ३६एच आणि बी६एच सरळ टाकून द्या, नाहीतर खेळातला माणूस बाण दाबताच शिफ्ट दाबल्यासारखा उडी मारेल.

९. पॉझ कीचं काय करायचं?

ती सगळ्यांहून वेगळी. दाबताच ई१एच, १डीएच, ४५एच, ई१एच, ९डीएच, सी५एच असे सहा बाइट एका दमात येतात आणि सोडल्यावर काहीच येत नाही. ई१एच दिसला की पुढचे दोन बाइट गिळा. न गिळल्यास १डीएचमुळे कंट्रोल आणि ४५एचमुळे नमलॉक दाबल्यासारखं वाटेल.

१०. तीन की एकत्र धरल्या की एखादी दिसतच नाही. माझ्या कोडमध्ये चूक आहे का?

नाही. की-बोर्डच्या आत तारांची जाळी असते, आणि आयताचे तीन कोपरे दाबले गेले की चौथाही दाबल्यासारखा दिसतो. तो भास टाळायला की-बोर्डच तिसरी की कळवत नाही. शिफ्ट, कंट्रोल, आल्ट या सहसा जाळीत वेगळ्या जागी असतात. खेळासाठी की निवडताना त्यांचा वापर करा, आणि की बदलण्याची सोय खेळणाऱ्याला द्या.

११. प्रोग्राम संपल्यावर की दाबली की मशीन का कोसळतं?

व्हेक्टर परत न बसवता प्रोग्राम संपला. तुमची मेमरी डॉसने मोकळी केली, पण टेबलमधला पत्ता तसाच राहिला. त्या जागी दुसरं काही लोड झालं की पुढच्या कीला प्रोसेसर भलत्याच बाइटना हँडलर समजून चालवू लागतो.

शेवटी सेटव्हेक्ट लिहिलेलं असूनही हे होतं, कारण बाहेर पडायला बाकी दारं आहेत. अ‍ॅटएक्झिटमध्ये परत बसवण्याचं फंक्शन नोंदवा, म्हणजे मधूनच एक्झिट केलं तरी ते चालेल. पण चेन केलेल्या प्रोग्रामात कोणी कंट्रोल-सी दाबलं तर डॉस प्रोग्राम परस्पर संपवतं आणि अ‍ॅटएक्झिटला विचारतही नाही. त्यासाठी टर्बो सीचं सीटीआरएलबीआरके फंक्शन वापरा आणि त्यातून ० सोडून दुसरी किंमत परत करा, म्हणजे प्रोग्राम चालू राहतो.

तिसरं दार फ्लॉपीचं. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी नसताना फाइल उघडली की डॉस 'अबॉर्ट, रीट्राय, फेल' विचारतं. चेन केलेलं असेल आणि कोणी 'ए' दाबलं, तर पुन्हा तेच. आणि पूर्ण ताबा घेतलेला असेल तर याहून वाईट: डॉस उत्तराची वाट बघत बसतं आणि कुठलीच की त्याच्यापर्यंत पोचत नाही. माझा सल्ला ठाम आहे. डिस्कचं काम करायच्या आधी जुना व्हेक्टर परत बसवा, काम झालं की पुन्हा ताबा घ्या. दोन ओळी जास्त लागतात, पण वापरणाऱ्याचं मशीन अडकत नाही.

१२. प्रोग्राम व्यवस्थित संपतो, पण नंतर आल्ट किंवा कंट्रोल धरून ठेवल्यासारखं का वागतं?

बायॉसला की दाबल्याचं कळलं, सोडल्याचं कळलं नाही. आल्ट धरलेला असताना तुम्ही ताबा घेतलात, तो सुटल्याचा कोड तुमच्या हँडलरने खाल्ला, आणि बायॉसच्या ००४०:००१७एच मधला आल्टचा बिट तसाच १ राहिला. जुना व्हेक्टर परत बसवताना त्या बाइटचे खालचे चार बिट, म्हणजे दोन्ही शिफ्ट, कंट्रोल आणि आल्ट, शून्य करा. १०१ कीच्या की-बोर्डसाठी ००४०:००१८एच चे खालचे दोन आणि ००४०:००९६एच चे खालचे चार बिटही. कॅप्सलॉक, नमलॉकच्या बिटना हात लावू नका. आल्ट एकदा दाबून सोडला की ठीक होतं, पण हे वापरणाऱ्याला माहीत असायचं कारण नाही.

याची दुसरी बाजू: प्रॉम्प्टवर नाव टाइप करून एंटर दाबला, की तुमच्या हँडलरला येणारा पहिला कोड बहुतेकदा ९सीएच, म्हणजे एंटर सुटल्याचा असतो. 'कुठलीही की दाबा' म्हणून थांबलेला प्रोग्राम आपोआप पुढे सरकत असेल तर सुटल्याचे कोड तुम्ही मोजताय.

१३. जुन्या प्रोग्राममध्ये ६१एच पोर्टवर काहीतरी लिहिलेलं दिसतं. ते लागतं का?

मूळ पीसी आणि त्यानंतरच्या एक्सटी मॉडेलवर लागतं. तिथे की-बोर्ड ८२५५ चिपमार्फत येतो, आणि बाइट वाचल्यावर ६१एच पोर्टचा सर्वात वरचा बिट १ करून पुन्हा ० केल्याशिवाय पुढची की येत नाही. १९८४ च्या एटीपासून ८०४२ हा वेगळा कंट्रोलर आला आणि ६०एच वाचलं की पुरतं. तिथे हे केल्याने बिघडत मात्र काही नाही. आधी ६१एच वाचा, फक्त वरचा बिट बदलून लिहा, मग मूळ किंमत परत लिहा. नुसता ८०एच ढकललात तर स्पीकरचे बिटही त्याच पोर्टवर असल्याने चालू असलेला आवाज बंद पडेल.

१४. पूर्ण ताबा न घेता एखादी की बदलायची किंवा दाबून टाकायची असेल तर?

मग इंटरप्ट ९ सोडा, १५एच धरा. एटीनंतरच्या बहुतेक बायॉसचा हँडलर स्कॅन कोड वाचल्यावर एएच रजिस्टरमध्ये ४एफएच आणि एएलमध्ये तो कोड घालून, कॅरी फ्लॅग १ करून, इंटरप्ट १५एच बोलवतो. एएल बदललात तर बायॉस बदललेली की धरतो. कॅरी ० करून परत फिरलात तर ती की सोडून देतो. पोर्ट वाचायचा नाही, सूचना द्यायची नाही. कॅप्सलॉकची की कंट्रोलची म्हणून वापरायला याहून स्वच्छ मार्ग नाही. मशीनवर ही सोय आहे का, ते इंटरप्ट १५एच, एएच सी०एच ने मिळणाऱ्या टेबलमधल्या पहिल्या फीचर बाइटच्या चौथ्या बिटवरून कळतं (मोजणी ० पासून).

अडचण एकच. १५एच वर इतरही बरीच कामं चालतात, आणि ती रजिस्टर जशीच्या तशी ठेवून जुन्या हँडलरकडे सोपवावी लागतात. टर्बो सीमध्ये त्यासाठी थोडी असेम्ब्ली लिहावी लागते.

१५. टर्बो सी नसेल तर काय बदलतं?

मायक्रोसॉफ्ट सी आणि ओपन वॉटकॉममध्ये व्हेक्टरची फंक्शनं अंडरस्कोर-डॉस-गेटव्हेक्ट आणि सेटव्हेक्ट या नावांची आहेत. सोबत चेन-इंटर हे फंक्शन मिळतं. ते जुन्या हँडलरकडे उडी मारतं आणि परत येत नाही, रजिस्टरही मूळ किमतींवर असतात, त्यामुळे प्रश्न १४ मधली अडचण सुटते.

डीजेजीपीपी हा ३२ बिटचा, प्रोटेक्टेड मोडचा कंपायलर आहे. तिथे इंटरप्ट हा कीवर्डच नाही. डीपीएमआयची, म्हणजे प्रोटेक्टेड मोडमधून डॉसशी बोलायच्या सोयीची, फंक्शनं वापरून रॅपर तयार करावं लागतं. हँडलरचा कोड आणि तो हात लावतो तो सगळा डेटा मेमरीत लॉक करायला विसरू नका. मेमरीचं पान डिस्कवर गेलेलं असताना की दाबली गेली तर ते परत आणायला डॉस लागतं, आणि इंटरप्टच्या मध्यावर डॉस मिळेलच असं नाही.

१६. कॅप्सलॉकचा दिवा मी पेटवू शकतो का?

एटी आणि पुढच्या मशीनवर, हो. ६४एच पोर्टचा १ क्रमांकाचा बिट ० होईपर्यंत थांबा, ६०एच वर ईडीएच लिहा, उत्तराची वाट बघा, मग त्याच पद्धतीने दिव्यांचा बाइट लिहा: बिट ० स्क्रोल, १ नम, २ कॅप्स. ते उत्तर, एफएएच, हासुद्धा ६०एच वरूनच आणि इंटरप्ट ९ मधूनच येतो. तुमचा हँडलर त्याला 'कुठलीतरी की सुटली' समजेल, म्हणून तो वेगळा ओळखा.

१७. असाच हँडलर लिहून डॉसमध्ये मराठी टाइप करता येईल का?

येईल, पण इंटरप्ट ९ हे त्यासाठी चुकीचं ठिकाण आहे. तिथे कीचा क्रमांक असतो, तुम्हाला अक्षर हवं आहे. इंटरप्ट १६एच वर, म्हणजे प्रोग्राम बफरमधून अक्षर मागतो तिथे, बदल करणं सोपं. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या की-बोर्ड मांडणीत 'के'च्या कीवर 'क' आहे, आणि भारतीय लिप्यांच्या १९९१ च्या इस्की मानकात 'क' म्हणजे बी३एच. म्हणजे स्कॅन कोड २५एच आला की अक्षराच्या जागी बी३एच द्यायचा. बाराखडीचा प्रश्न इथेच हलका होतो, कारण इस्कीत व्यंजन आणि मात्रा वेगळे बाइट आहेत आणि इन्स्क्रिप्टवर वेगळ्या की.

अवघड भाग स्क्रीनचा. पीसीच्या मूळ अक्षरसंचात बी३एच म्हणजे चौकटीची उभी रेघ, त्यामुळे 'क' दाबल्यावर रेघ उमटते. शिवाय जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी म्हणजे आलेल्या क्रमाने एकेक चित्र ठेवून भागत नाही. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड यासाठीच होतं: वेगळं हार्डवेअर लावून ते साध्या टेक्स्ट प्रोग्रामांतही भारतीय लिप्या दाखवायचं. की-बोर्डचा भाग एका संध्याकाळचा आहे, दाखवण्याचा भाग महिन्यांचा.

१८. डॉसबॉक्समध्ये चालतं, मग खऱ्या मशीनवर का नाही?

डॉसबॉक्स, म्हणजे आजच्या मशीनवर डॉसचा पीसी उभा करणारा प्रोग्राम, माफ करणारा आहे, खरं हार्डवेअर नाही. आधी प्रश्न ४ आणि १३ तपासा. नव्या मशीनवर खरं डॉस चालवत असाल आणि की-बोर्ड यूएसबी असेल, तर ६०एच पोर्ट हाच मुळी बायॉसने उभा केलेला देखावा असतो. साधे कोड बहुतेक नीट येतात, पण दिव्यांचे आदेश किंवा पुनरावृत्तीचा वेग बदलणं याची खात्री धरू नका. त्या मशीनला गोल पीएस/२ सॉकेट असेल तर तिथे की-बोर्ड लावून पुन्हा करून बघा.

उलटही विचारतात: टर्बो सी डॉसबॉक्समध्ये उघडून प्रोग्राम चालवायला कंट्रोल-एफ९ दाबलं की खिडकीच बंद होते. यात तुमच्या हँडलरचा दोष नाही. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे 'डॉसबॉक्स बंद कर', आणि ती की आतल्या टर्बो सीपर्यंत जातच नाही. रन मेनूतून चालवा, किंवा कंट्रोल-एफ१ दाबून डॉसबॉक्सचा कीमॅपर उघडा आणि बंद करण्याची की बदला. काम सेव्ह करून मगच हे प्रयोग करा.